सोल ट्रेडरचं बाहेरचं जेवण: ब्रिटनमध्ये ते खर्चात कधी धरता येतं

ब्रिटनमध्ये नव्याने स्वतःच्या नावावर काँट्रॅक्टिंग सुरू केलं की पहिल्याच महिन्यात कुणीतरी सांगतं, "अहो, रोजचे पाच पौंड जेवणाचे लावा की, पावतीसुद्धा लागत नाही." सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो आणि आकडाही त्याने मनाने काढलेला नसतो. पण तो नियम वेगळ्या लोकांसाठी आहे, आणि तुम्ही सोल ट्रेडर, म्हणजे कंपनी न काढता स्वतःच्या नावावर धंदा करणारे असाल, तर त्या लोकांत तुम्ही येत नाही.

जेवणाच्या खर्चाबद्दलचा बहुतेक गोंधळ एका चुकीच्या प्रश्नातून सुरू होतो. लोक विचारतात, "जेवण चालतं का?" आधी विचारायला हवं ते असं: "आज जिथे गेलो, तो प्रवास धंद्याच्या खर्चात बसतो का?" प्रवास बसला तर जेवणाचा विचार करायचा. प्रवासच बसत नसेल, तर सँडविच दोन पौंडांचं असो की बारा, ते तुमच्याच खिशातून गेलं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घेतल्या आहेत.

पहिली पायरी: तुम्ही नक्की कोण आहात ते ठरवा

"काँट्रॅक्टर" म्हणवणारे लोक कराच्या दृष्टीने तीन वेगळ्या घरांत राहतात. कुणी सोल ट्रेडर असतं, म्हणजे स्वतःच सेल्फ एम्प्लॉइड. कुणाची स्वतःची लिमिटेड कंपनी असते आणि तो तिचा डायरेक्टर असतो, त्यामुळे कंपनीचा नोकरही असतो. कुणी अंब्रेला कंपनीमार्फत काम करतं, म्हणजे काँट्रॅक्टरला पगारावर ठेवून क्लायंटकडे पाठवणाऱ्या मध्यस्थ कंपनीमार्फत. हे शेवटचे सरळसरळ नोकरदार. पगारातून कर कापून येतो आणि रोजच्या क्लायंटकडच्या जाण्यायेण्यावर वा जेवणावर त्यांना सहसा काहीच सूट मिळत नाही.

पाच पौंडांचा आकडा येतो तो दुसऱ्या घरातून. कर्मचाऱ्याला कामानिमित्त बाहेर पाठवलं, तर कंपनी त्याला जेवणापोटी ठरावीक रक्कम करमुक्त देऊ शकते. पाच तास किंवा जास्त बाहेर असेल तर ५ पौंडांपर्यंत, दहा तास किंवा जास्त असेल तर १० पौंडांपर्यंत, आणि पंधरा तास किंवा जास्त होऊन रात्री आठलाही प्रवास चालू असेल तर २५ पौंडांपर्यंत. एचएमआरसीचे, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याचे, हे दर मालकाने नोकराला द्यायचे आहेत. सोल ट्रेडरला मालकच नसतो. त्यामुळे त्याने प्रत्यक्ष जे खर्च केले तेच धरायचे.

लिमिटेड कंपनीवाल्यांनी खूश होण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. एक, त्या दरांसाठीही जेवणावर खरोखर पैसे खर्च झालेले असावे लागतात. घरून डबा नेला असेल तर पाच पौंड मिळत नाहीत. दुसरं म्हणजे, ज्या ठिकाणी तुम्ही जाता ते तात्पुरतं कामाचं ठिकाण असावं लागतं. एकाच ठिकाणी कामाचा सुमारे ४० टक्के किंवा जास्त वेळ जात असेल आणि तिथलं काम २४ महिन्यांपेक्षा जास्त चालणार हे माहीत झालं, तर त्या दिवसापासून ते ठिकाण कायमचं मानलं जातं. कराराची मुदत वाढवल्याची ईमेल जानेवारीत आली, तर सवलत जानेवारीतच थांबते, २४ महिने भरेपर्यंत वाट बघत नाही. शिवाय काम आयआर३५ मध्ये (कंपनीच्या आडून केलेलं पण प्रत्यक्षात नोकरीसारखंच काम पकडणारा नियम) मोडत असेल तर एप्रिल २०१६ पासून रोजच्या प्रवासाची आणि जेवणाची ही सवलत मिळत नाही. डायरेक्टर मंडळींचं एवढंच. इथून पुढे सोल ट्रेडरबद्दल.

दुसरी पायरी: मूळ नियम समजून घ्या

सोल ट्रेडरच्या खर्चाची कसोटी जुनी आहे: खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा. लॅपटॉप, विमा, हत्यारं या कसोटीतून सहज पार होतात. जेवण अडकतं, कारण धंदा असो वा नसो, माणूस जेवतोच.

हे कोर्टात अगदी पैशापैशाने तपासलं गेलं आहे. १९७५ चा कायबॉट विरुद्ध क्विन हा खटला. क्विन हा सबकाँट्रॅक्टर सुतार, घरापासून चाळीस मैलांच्या परिघात वेगवेगळ्या साइटवर काम करणारा. घरी जेवला तर दुपारचं जेवण १० पेन्समध्ये व्हायचं, साइटवर ४० पेन्स लागायचे. त्याने सगळे ४० मागितले नव्हते. कामामुळे जे जास्तीचे ३० पेन्स पडले, तेवढेच त्याने खर्चात धरले. ऐकायला किती वाजवी! पण कोर्टाने तेही नाकारले. न्यायमूर्ती टेम्पलमन यांच्या म्हणण्याचा आशय असा, की माणूस जगण्यासाठी जेवतो, काम करण्यासाठी नव्हे. सुतारकाम केल्यामुळे त्याला जास्त भूक लागत असेल, थंडीत गरम खावं लागत असेल, तरी त्या जेवणातून त्याचं शरीरही चालतं, म्हणून खर्च "केवळ धंद्यासाठी" राहत नाही.

"घरी असतो तर स्वस्तात झालं असतं, इथे महाग पडलं, तर फरक तरी धरू" हा युक्तिवाद आजही प्रत्येक नव्या माणसाला सुचतो. तो पन्नास वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे.

मग काहीच मिळत नाही का? मिळतं. आयकराच्या २००५ च्या कायद्यात, म्हणजे इन्कम टॅक्स (ट्रेडिंग अँड अदर इन्कम) ॲक्टमध्ये, कलम ५७ए आहे. धंद्यासाठी प्रवास करताना, किंवा जिथे गेलात तिथे, तुम्ही स्वतः खाल्लेल्याप्यायलेल्याचा वाजवी खर्च ते मान्य करतं. त्याला दोन अटी आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. तो प्रवास मुळात धंद्याच्या खर्चात मान्य होणारा हवा. आणि तुमचा धंदा स्वभावानेच फिरता हवा, किंवा त्या ठिकाणी तुम्ही कधीमधीच जात असायला हवं. पहिल्या अटीबाबत एक बारकावा आहे. प्रवासावर तुमचे पैसे गेलेच पाहिजेत असं नाही. दुसऱ्याच्या गाडीतून फुकट गेलात तरी हरकत नाही, पैसे पडले असते तर ते मान्य झाले असते का, एवढं पाहिलं जातं.

तिसरी पायरी: प्रवास तपासा

सगळा खेळ इथेच आहे, म्हणून इथे घाई करू नका.

आधी तुमच्या धंद्याचा तळ कुठे आहे ते ठरवा. १९७१ च्या हॉर्टन विरुद्ध यंग खटल्यात ईस्टबोर्नला राहणारा एक गवंडी होता. त्याचं काम एका साइटवर काही आठवडे, मग दुसरीकडे, असं चालायचं. हत्यारं घरी, हिशेब घरी, कामं ठरायची तीही घरी. कोर्टाने त्याचं घर हाच धंद्याचा तळ मानला, आणि घर ते साइट हा प्रवास खर्चात बसला. त्याच्या उलट टोकाला १९५३ चा न्यूसम विरुद्ध रॉबर्टसन. बॅरिस्टर घरी रात्री जागून केस वाचायचे, घरात पुस्तकांचा संग्रह होता, पण चेंबर, म्हणजे कामाचं ऑफिस, लंडनमध्ये होतं. घर ते चेंबर हा प्रवास नाकारला गेला, कारण बॅरिस्टर तिथे राहत असल्यामुळेच तो करावा लागत होता.

२०१४ चा समदियान खटला आजच्या काँट्रॅक्टरला जास्त जवळचा आहे. खासगी प्रॅक्टिस करणारे हे डॉक्टर ठरावीक दिवशी ठरावीक हॉस्पिटलांत रुग्ण तपासायचे आणि घरातल्या ऑफिसात कागदपत्रांचं काम करायचे. घरात खरोखर ऑफिस आहे हे मान्य झालं, तरी घरापासून त्या हॉस्पिटलांपर्यंतचा नेहमीचा प्रवास मान्य झाला नाही. "माझं होम ऑफिस आहे, म्हणून क्लायंटकडे जाणं हा धंद्याचा प्रवास" असं समजून बसलेल्या आयटीवाल्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

आता उदाहरणं घेऊ. स्लाऊला राहणारी एक सॉफ्टवेअर टेस्टर आहे. स्विंडनच्या एका क्लायंटकडे ती आठ महिने सोमवार ते बुधवार जाते. तिचं तिथलं येणं नेमाचं आहे, कधीमधीचं नाही. प्रवास खर्चात बसत नाही, म्हणून दुपारचं जेवणही नाही. त्याच क्लायंटने तिला एका दिवसासाठी ग्लासगोच्या शाखेत पाठवलं, तर तो प्रवास बसतो आणि त्या दिवसाचं खाणंही बसतं. एकच बाई, एकच क्लायंट, तरी दोन दिवसांची उत्तरं वेगळी.

लेस्टरचा एक इलेक्ट्रिशियन आहे, दर दोन-तीन आठवड्यांनी साइट बदलणारा, घरीच तळ असलेला. त्याचा धंदा फिरता आहे, त्यामुळे त्याचा दावा भक्कम आहे. पण हाच माणूस एका बांधकाम कंपनीच्या एकाच मोठ्या साइटवर वर्षभर रोज जायला लागला, तर त्याच्या धंद्याचं फिरतेपण कागदावरच उरतं. लायसन्सवर काय लिहिलंय याला महत्त्व नाही, त्या वर्षी काम कसं चाललं ते पाहिलं जातं.

२४ महिन्यांचा नियम सोल ट्रेडरला लागू होत नाही. काही जण त्याचा अर्थ "दोन वर्षं बिनधास्त" असा काढतात आणि काही "आपल्याला मर्यादाच नाही" असा. दोन्ही अर्थ चुकीचे. तुमच्यासाठी कायद्यात महिन्यांचा आकडाच नाही, जाण्यातला नेम पाहतात. तो नेम दुसऱ्या महिन्यातही दिसू शकतो.

चौथी पायरी: मुक्काम असेल तर

कामासाठी बाहेरगावी रात्र काढावी लागली तर हिशेब सोपा होतो. हॉटेलचं भाडं, त्यासोबतचं रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता हे वाजवी असतील तर चालतात. लांब पल्ल्याचे सेल्फ एम्प्लॉइड लॉरीवाले केबिनमध्ये झोपतात, त्यांनाही रस्त्यातल्या जेवणाचा प्रत्यक्ष खर्च धरता येतो, पावत्या ठेवल्या तर.

अवघड होतं ते हॉटेलऐवजी घर भाड्याने घेतल्यावर. अभिनेते टिम हिली यांनी लंडनमधल्या कामाच्या काळात तिथे फ्लॅट भाड्याने घेतला होता. आधी निकाल त्यांच्या बाजूने गेला, वरच्या ट्रिब्युनलने तो परत पाठवला, आणि २०१५ मध्ये विरुद्ध गेला. फ्लॅट तीन बेडरूमचा होता आणि घरची, ओळखीची माणसं येऊन राहावीत हाही तो घेण्यामागचा एक हेतू होता. हेतू दोन झाले की "केवळ धंद्यासाठी" संपलं. म्हणून तीन महिन्यांच्या कामासाठी खोली घेत असाल, तर एका माणसाची खोली घ्या. वीकेंडला बायकामुलं यावीत म्हणून मोठी जागा घेतलीत तर ती तुमच्या आनंदासाठी घ्या, रिटर्नसाठी नको.

पाचवी पायरी: ताटात कोणाचं काय

क्लायंटला जेवायला नेलं तर त्याच्या वाट्याचे पैसे खर्चात धरता येत नाहीत. कितीही मोठं काम त्या टेबलावर मिळालेलं असो. तुमचा स्वतःचा वाटा फक्त तेव्हाच, जेव्हा तो दिवस वरच्या कसोटीत बसणारा असेल. बरोबर नवरा किंवा बायको आली असेल तर बिलातला त्यांचा भाग वेगळा काढायचा. घरून नेलेला डबा, आठवड्याचा किराणा, घराजवळच्या कॅफेत लॅपटॉप उघडून बसताना घेतलेली कॉफी, यांतलं काहीही नाही.

"वाजवी" म्हणजे किती, याचा आकडा कुठेही छापलेला नाही. सुपरमार्केटचं मील डील, स्टेशनवरचं गरम खाणं, हॉटेलातलं साधं जेवण यावर कुणी भुवया उंचावत नाही. एकट्याचं नव्वद पौंडांचं जेवण असेल तर कारण तयार ठेवा.

सहावी पायरी: नोंद त्याच दिवशी

पावती एकटी पुरत नाही. पावतीवर कळतं की तुम्ही काय खाल्लं. तिथे का होतात, हे तुम्हालाच लिहावं लागतं. फोनवरच्या वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये, समजा एका फोटोग्राफरने लिहिलेली, अशी एक ओळ बस झाली:

१४ ऑक्टोबर २०२५, एडिंबरा, लग्नाचं शूटिंग, इन्व्हॉइस क्रमांक ३१. घरून निघालो सकाळी ६:१०, हॉटेल रात्री ९:४०. ट्रेनमध्ये खाणं ६.२०, रात्रीचं जेवण १८.५०.

तारीख, ठिकाण, कारण, कोणत्या कामाशी जोडलेलं, किती. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या नोंदी ओळखू येतात: सगळ्या रकमा गोल असतात आणि दर आठवड्याला पाच सारखे आकडे दिसतात.

थर्मल कागदाच्या पावत्या पाकिटात काही महिन्यांत कोऱ्या होतात, म्हणून टेबलावरून उठायच्या आत फोटो काढा. बँक स्टेटमेंटवर नुसतं दुकानाचं नाव येतं. तुम्ही तिथे सँडविच घेतलं की शांपू, ते त्यावरून कळत नाही. व्हॅट नोंदणी असेल तर कार्डाच्या स्लिपवर समाधान मानू नका, व्हॅटची पावती मागा. फ्लॅट रेट स्कीममध्ये (उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने व्हॅट भरण्याची योजना) असाल तर जेवणावरचा व्हॅट परत मिळत नाही, तो त्रास वाचला.

नोंदी किती काळ सांभाळायच्या? त्या वर्षाच्या रिटर्नची ३१ जानेवारीची मुदत संपल्यावर पुढची किमान पाच वर्षं. म्हणजे २०२५-२६ च्या पावत्या ३१ जानेवारी २०३२ पर्यंत.

सातवी पायरी: रिटर्नमध्ये भरा

सेल्फ असेसमेंटच्या सेल्फ एम्प्लॉयमेंट पानांवर जेवणासाठी वेगळी चौकट नाही. गाडी आणि प्रवासखर्चाची जी चौकट आहे, तिच्यातच ही रक्कम जाते. वर्षाची उलाढाल ९०,००० पौंडांच्या खाली असेल तर सगळा खर्च मिळून एकच बेरीज देण्याचीही मुभा आहे. बेरीज एक दिली तरी फोड तुमच्याकडे हवीच. आणि १,००० पौंडांचा ट्रेडिंग अलाउन्स, म्हणजे खर्चाऐवजी मिळणारी ठरावीक वजावट, घेतलात तर प्रत्यक्ष खर्च एकही धरता येत नाही, जेवण तर नाहीच. ज्यांचा वर्षाचा खर्च हजाराच्या आत आहे त्यांनी अलाउन्स घ्यावा आणि पावत्यांचा नाद सोडावा.

६ एप्रिल २०२६ पासून धंदा आणि घरभाडं मिळून ५०,००० पौंडांवर ढोबळ उत्पन्न असलेल्यांना मेकिंग टॅक्स डिजिटल लागू झालं आहे: नोंदी सॉफ्टवेअरमध्ये आणि दर तिमाहीला गोषवारा. एप्रिल २०२७ पासून ही मर्यादा ३०,००० होणार आहे. वर्षाअखेरीस बुटांच्या खोक्यातून पावत्या काढणाऱ्यांचे दिवस आता मोजकेच.

हाती काय लागतं तेही बघून घ्या, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. लेस्टरला राहणाऱ्या त्या फोटोग्राफरचा एडिंबराचा खर्च: ट्रेन ८४ पौंड, हॉटेल ९२, खाणं ६.२०, रात्रीचं जेवण १८.५०, नाश्ता ७. एकूण २०७.७० पौंड. बेसिक रेटचा २० टक्के आयकर आणि क्लास ४ नॅशनल इन्शुरन्सचे (सेल्फ एम्प्लॉइड लोकांनी नफ्यावर भरायचं सामाजिक विम्याचं अंशदान) ६ टक्के धरले तर त्याचा कर साधारण ५४ पौंडांनी कमी होतो. फक्त जेवणखाण पाहिलं तर सव्वाआठ पौंड. म्हणजे दहा पौंडांचं जेवण दाखवून तुम्हाला २ पौंड ६० पेन्स वाचतात, दहा पौंड परत मिळत नाहीत. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांचे आयकराचे टप्पे वेगळे आहेत, त्यांनी आपले दर घालून बघावेत.

बांधकामातल्या मंडळींना हे वेगळं भासतं, कारण सीआयएस या बांधकाम क्षेत्रातल्या करकपातीच्या योजनेखाली त्यांच्या मजुरीतून आधीच २० टक्के कापलेले असतात, नोंदणी नसेल तर ३०. त्यामुळे वर्षाअखेरीस खरोखर रिफंड येतो, आणि त्या रिफंडभोवती एजंटांची गर्दी असते. रिफंडचा टक्का फी म्हणून घेणारा एजंट आकडा फुगवणारच. "सब्सिस्टन्स (म्हणजे जेवणखाण), २२० दिवस, रोज १० पौंड" अशी ओळ दिसली की सही करू नका. रिटर्न कुणीही भरलं तरी जबाबदारी तुमची. निष्काळजीपणा ठरला तर राहिलेल्या कराच्या ३० टक्क्यांपर्यंत दंड, मुद्दाम केलं असं ठरलं तर ७० टक्क्यांपर्यंत, शिवाय व्याज. तोवर एजंटचा फोन लागेनासा झालेला असतो.

आधीच चुकीचं भरलं असेल तर

३१ जानेवारीच्या मुदतीनंतर बारा महिन्यांच्या आत ऑनलाइन खात्यातून रिटर्न सुधारता येतं. २०२४-२५ चं रिटर्न त्यामुळे ३१ जानेवारी २०२७ पर्यंत सुधारता येईल. त्याहून जुन्या वर्षात कर कमी भरला गेला असेल तर एचएमआरसीला स्वतःहून कळवायचं. चौकशी सुरू होण्याआधी कळवलं तर दंड बराच कमी होतो, आणि साधी निष्काळजी चूक असेल तर शून्यावरही येऊ शकतो. उलट बसणारा खर्च धरायचा राहून गेला असेल, तर त्या आर्थिक वर्षाच्या शेवटापासून चार वर्षांच्या आत जास्त भरलेला कर परत मागता येतो. पावत्या मात्र तेव्हाही लागतील.